सोलापुरात उडत्या डासांचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न: सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे घरोघरी पिंप आणि हौद भरलेले असतात व त्यांत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांच्या अळ्या सापडतात. सर्वेक्षणात अळ्या असलेली भांडी मोजतात. पण त्यावरून वस्तीतल्या प्रौढ डासांची संख्या कशी काढावी?

प्रतिसाद १: भांड्यांवरून ती नीट निघत नाही, कारण बऱ्याच अळ्या प्रौढ होण्याआधीच मरतात, त्यापेक्षा कोष (अळी आणि प्रौढ डास यांमधली अवस्था) मोजणे बरे. थेट अंदाजासाठी डासांना चकाकणारी रंगीत पूड लावून सोडतात आणि काही काळाने पुन्हा डास पकडतात. समजा, खुणेचे ५०० डास सोडले व नंतर पकडलेल्या २०० डासांत १० खुणेचे निघाले, म्हणजे विसांत एक, तर एकूण संख्या ५०० च्या वीसपट, सुमारे १०,००० ठरते. मात्र दरम्यान खुणेचे डास मेले किंवा वस्तीबाहेर गेले, तर हा आकडा फुगतो.

प्रतिसाद २: माझ्या मते संख्येइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आयुष्याला आहे. डेंग्यूचा विषाणू मादीच्या शरीरात वाढून लाळेत उतरण्यास साधारण ८ ते १२ दिवस लागतात. रोज ९० टक्के माद्या जगत असतील, तर दहा दिवसांनी सुमारे ३५ टक्के उरतात; रोज ८० टक्केच जगत असतील, तर जेमतेम ११ टक्के.

प्रश्नकर्ता: हे दैनिक प्रमाण मिळवायचे कसे?

प्रतिसाद २: खुणेचे डास दिवसागणिक किती कमी सापडतात, त्यावरून. परंतु त्या घटीत मृत्यू आणि स्थलांतर मिसळलेले असतात, म्हणून डास सोडण्याच्या जागेपासून निरनिराळ्या अंतरांवर सापळे लावावेत.