लवकर वयात आलेल्या मुली खरंच 'हाताबाहेर' जातात?

कावेरीकाठ: लेक चौथीत आहे, गेल्या महिन्यात पाळी आली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "लक्ष ठेवा हं, अशा मुली लवकर हाताबाहेर जातात." अहो, ती अजून झोपताना बाहुलीला पांघरूण घालते! शरीरावरून वागणुकीचं भाकीत करणं थांबवा, एवढंच म्हणणं आहे.

तिरकस: असहमत. बाईंची भाषा वाईट, मुद्दा हवेतला नाही. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि मॅग्नुसन या संशोधकांनी मुलींचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. फार लवकर पाळी आलेल्या मुली चौदा-पंधराव्या वर्षी दारू, शाळा बुडवणं यात पुढे होत्या. मोजायचंच नाही, तर मदत कुणाला करणार?

आडवा_छेद: मोजता कशाने ते सांगा आधी. वयात येताना शरीर कुठवर बदललं हे सांगणाऱ्या टॅनरच्या पाच पायऱ्या डॉक्टरने अंग तपासून ठरवायच्या. शाळेत कोण तपासू देईल? म्हणून १९८८ पासून प्रश्नावली आहे: उंची झपाट्याने वाढली का, आवाज फुटला का, वगैरे. 'सुरूच नाही' ते 'पूर्ण झालं'. माझ्या सातवीतल्या भाच्याला द्या. मिसरुडाचा पत्ता नाही, पण रोज बाबांचा रेझर फिरवतो. 'पूर्ण झालं'वरच खूण करेल!
आणि पायरी म्हणजे वेळ नव्हे. तिसरी पायरी नवव्या वर्षी लवकर, तेराव्या वर्षी नाही.

तिरकस: मुलींच्या बाबतीत म्हणूनच पाळीचं वय धरतात, ते आयांच्या लक्षात असतं. मुलग्यांचं मोजमाप कच्चं, मान्य.

साधी_शिक्षिका: तिरकस, स्वीडनचं अर्धंच सांगितलंत. या मुलींच्या मैत्रिणी-मित्र वयाने मोठे होते, फरक मुख्यतः तिथून आला. पुढे मोठेपणी दारूतला फरक उरलाही नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात कास्पी आणि मोफिट यांना दिसलं की लवकर पाळी आलेल्या मुलींचा उनाडपणा मुलं-मुली एकत्र असलेल्या शाळांत वाढला, फक्त मुलींच्या शाळांत नाही. पाळी तीच, सोबत वेगळी. शिवाय ज्यांचं आधीपासून बिनसलेलं होतं, त्यांचंच जास्त बिनसलं.

तिरकस: म्हणजे कन्याशाळा हाच उपाय? :)

साधी_शिक्षिका: नाही हो. चौथीतल्या मुलीला आठवीतलीसारखं वागवू नका, इतकंच.

कावेरीकाठ: डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की छाती आठव्या वर्षाच्या आत वाढू लागली होती का. नव्हती, म्हणून पुढच्या तपासण्या नकोत म्हणाले. बाकी तुमचं चालू द्या. माझी अडचण वेगळीच आहे. चौथीच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये कचऱ्याचा डबाच नाही. पोरगी वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आणते.