कालिम्नोसचं थोडं वेगळं आहे

पर्यटनाने ग्रीक बेटांवरची कुटुंबं विस्कटली असं म्हणतात. सगळीकडे तसं नाही हो. कालिम्नोस बेट घ्या. तिथले पुरुष ईस्टर झाला की समुद्रतळावर वाढणारे स्पंज काढायला पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जायचे, ते थेट हिवाळ्याच्या तोंडावर परतायचे. तोवर घर बायकांच्या हाती. घरही बहुधा आईकडून थोरल्या लेकीला मिळालेलं, जावईच तिथे राहायला यायचा.

१८६०च्या दशकात तांब्याच्या शिरस्त्राणाचा पाणबुडी पोशाख आला आणि माणसं खोल, जास्त वेळ उतरू लागली. भराभर वर आलं की रक्तात वायूचे बुडबुडे होतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक? कित्येक मेले, कित्येक लुळे पडले. तिथल्या 'मिखानिकोस' नाचात पुढचा नर्तक काठीवर रेलून लटलटत्या पायांनी नाचतो ना, तो हाच पाणबुड्या. (लग्नाबिग्नात हे नाचतात, काय म्हणावं!)

१९८६मध्ये स्पंजांवर रोग पडला, उरलासुरला धंदा बसला. बरेच जण आधीच फ्लोरिडात टार्पन स्प्रिंग्जला, नाहीतर ऑस्ट्रेलियात डार्विनला गेले होते. आता चुनखडीच्या कड्यांवर चढायला जगभरचे लोक येतात, घराघरांतल्या खोल्या भाड्याने जातात. तेव्हा विस्कटलं असेल तर समुद्राने, पाहुण्यांनी नव्हे.