अंगठ्याएवढ्या चौकटीतले 'खाजन': गेमचे कव्हर कोणासाठी काढायचे?

खाजनवाला

काल ह्या मंचावर 'तिसवाडी' ह्यांनी लिहिले की गेम कसदार असेल तर कव्हर कसेही चालते, आणि कव्हरसाठी चित्रकाराला पैसे मोजणाऱ्या डेव्हलपरचा स्वतःच्या कामावरच विश्वास नसतो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच बोलत होतो आणि त्याची किंमत मी मोजली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या 'खाजन' ह्या गेमचे पहिले कव्हर मीच काढले. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेतजमीन. पावसाळी रात्र, उधाणाचे पाणी, बांध, मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडण्याच्या जागेची) दारे, मागे माडांची रांग, बांधावर कंदील धरलेला पहारेकरी आणि पलीकडे कांबळ पांघरून दंड टेकलेला देवचार (गावाचा अदृश्य राखणदार), असे सगळे त्यात होते. संगणकाच्या पडद्यावर ते भरून दिसायचे. चतुर्थीला आतेभाऊ घरी आला असताना त्याला म्हटले, 'स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या यादीत माझा गेम शोध.' तो फोनवर यादी वर सरकवत राहिला आणि माझा गेम त्याच्या अंगठ्याखालून निघून गेला. त्याला तो दिसला नाहीच, पण खरे सांगायचे तर क्षणभर मलाही दिसला नाही. स्टीमची पार्श्वभूमी गडद निळी आणि माझी रात्रही गडद निळी, त्यामुळे चौकटीची कडाच विरघळली होती. देवचार माडांत मिसळून गेला होता आणि कंदिलाचा एक पिवळा ठिपका तेवढा उरला होता.

दुकानात दिसणाऱ्या कव्हरच्या चौकटीला स्टीम कॅप्सूल म्हणते. छोट्या कॅप्सूलसाठी ते 462×174 पिक्सेलचे चित्र मागते, पूर्वी हाच आकार 231×87 होता. त्याच चित्रावरून ते 120×45 इतकी बारीक आवृत्तीही तयार करतात. शिवाय मुख्य कॅप्सूल आडवी 1232×706 आणि उभी कॅप्सूल 748×896 लागते. म्हणजे एकच चित्र कापून सगळीकडे चिकटवता येत नाही, प्रत्येक आकारासाठी मांडणी नव्याने करावी लागते. माझे म्हणणे एवढेच आहे की चित्र आधी सर्वांत लहान आकारात जुळवावे, एकच आकृती घ्यावी, तिची बाह्यरेषा काळ्यापांढऱ्यातही ओळखू यावी, आणि ते जमल्यावरच मोठ्या चित्राला हात घालावा.

तिसवाडी

माझे वाक्य अर्धेच उचलले आहे. स्टीमवर गेम ठेवायलाच 100 डॉलर भरावे लागतात आणि ते भरल्यावर आपल्यासारख्यांच्या हातात फारसे काही उरत नाही, हा माझा मूळ मुद्दा होता. एरिक बॅरोन ह्यांनी 'स्टारड्यू व्हॅली'चे चित्र, संगीत आणि कोड एकहाती केले आणि 2016 मध्ये गेम बाहेर आणला. लोक गेम खेळले आणि एकमेकांना सांगत गेले. आतेभावाला गेम दिसला नाही ह्याचे दुःख मी समजू शकतो, पण एका आतेभावावरून सिद्धान्त मांडता येत नाही.

हुरमुंजी

मी म्हापशाकडची, व्यवसायाने चित्रकार. बॅरोन ह्यांचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. त्यांनी बाहेरच्या चित्रकाराला पैसे दिले नाहीत हे खरे, पण आपली चित्रे मनासारखी होईपर्यंत वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा काढली. पैसे नसतील तर वेळ द्यावा लागतो. दोन्ही द्यायचे नाही आणि वर त्याला आत्मविश्वास म्हणायचे, हे मला मान्य नाही.

गेल्या वर्षी एका डेव्हलपरने मला गुरुवारी फोन करून शनिवारपर्यंत कॅप्सूल मागितली. गेमची एक मिनिटाचीही चित्रफीत दाखवली नाही आणि मोबदल्याचे विचारल्यावर 'तुमचे नाव होईल' असे उत्तर दिले. मी नकार दिला तेव्हा त्याने एआयकडून चित्र काढून घेतले. त्यातल्या देवचाराच्या हाताला सहा बोटे होती. 2024 च्या जानेवारीपासून अशा वापराची माहिती स्टीमला द्यावी लागते आणि ती गेमच्या पानावर दिसते, हेही त्याला मीच सांगितले.

मात्र खाजनवाला बाब, तुमच्याशीही माझे भांडण आहे. 'एकच आकृती, एकच बाह्यरेषा' हा नियम सगळ्यांनी पाळला की सगळी कव्हरे एका साच्यातून काढल्यासारखी होतात. रागावलेला एक चेहरा, मागे ज्वाळा आणि त्यावर सोनेरी अक्षरे, एवढेच उरते. तुमच्या पहिल्या चित्रात मानस होती, बांध होता, उधाण होते. ते सगळे काढून टाकल्यावर तो गेम गोव्याचा आहे हे कशावरून कळायचे? गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा ह्यांना कोणी सांगितले असते की चित्रात एकच माणूस काढा, तर आपल्या हाती काय राहिले असते?

खाजनवाला

मारियोंचे उदाहरण तुम्ही काढलेत ते बरे झाले. मुंबईच्या कॅफे मोंदेगारच्या भिंतींवर त्यांची माणसांची गर्दी आहे, कारण तिथे माणूस टेबलाशी बसून तासभर ती भिंत पाहतो. नियतकालिकाच्या कोपऱ्यासाठी मात्र त्यांनी मिस निंबूपानी हे पात्र उभे केले आणि वाचकाने तिला एका नजरेत ओळखले. लोटलीच्या ह्या माणसाला जागेप्रमाणे चित्र बदलावे लागते हे पक्के ठाऊक होते. माझी चूक अशी झाली की भिंतीचे चित्र मी कोपऱ्यात बसवायला गेलो.

साचेबंदपणाची तुमची तक्रार मात्र खरी आहे. ती नाकारण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

चिरेबंदी

चित्रावर एवढे बोलणे झाले, पण नावाविषयी कोणीच बोलत नाही. छोट्या कॅप्सूलमध्ये लोगोने जवळजवळ सगळी जागा व्यापावी, असे स्टीमच्याच सूचनांमध्ये लिहिलेले आहे. म्हणजे तिथे अक्षर हेच चित्र असते. माझे वडील जत्रेतल्या नाटकांचे फलक रंगवायचे. फलक पूर्ण झाला की ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहायचे आणि डोळे बारीक करून नाव वाचता येते का ते पाहायचे. नाव वाचता आले नाही तर नायिकेचा चेहरा कितीही सुंदर असो, अक्षरे पुसून पुन्हा लिहायचे.

'खाजन' हे नाव कव्हरवर रोमन लिपीतच का? मार्च 2025 मध्ये 'द फर्स्ट बर्सर्कर: खाझान' हा मोठ्या कंपनीचा गेम आला आणि रोमन अक्षरांत ही दोन नावे सारखीच दिसतात. आपले नाव देवनागरीत लिहिले तर ते यादीत वेगळे उठून दिसेल.

तिसवाडी

हा शुद्ध अभिमान आहे आणि त्याची किंमत विक्रीत मोजावी लागेल. ब्राझीलमधल्या किंवा पोलंडमधल्या माणसाला देवनागरी म्हणजे रेघेवर वाळत घातलेली नक्षी वाटणार. नाव वाचता न येणारा गेम तो शोधणार कसा आणि मित्राला सांगणार कसा? त्यातही पहिले अक्षरच घात करते. मी 'खाजन' असे टाइप करून 120×45 च्या चौकटीत बसवून पाहिले, तर ते 'रवाजन' दिसले.

चिरेबंदी

'वाळत घातलेली नक्षी' हे शब्द मला लागले. ज्या लिपीत आपण दोघे आत्ता भांडत आहोत, तिच्याविषयी असे लिहिताना थोडा विचार करायला हवा होता. जपानी अक्षरांचे लोगो असलेले गेम जगभरातले लोक घेतात. त्यांच्याकडे कोणी वाळत घातलेली नक्षी म्हणून पाहत नाही.

'रवाजन'विषयी बोलायचे तर तो घोटाळा फॉन्टचा आहे. 'ख' हा 'रव' वाचला जातो हे जुनेच दुखणे आहे आणि म्हणूनच प्रमाण लिपीत 'ख'च्या पहिल्या भागाचा पाय दुसऱ्याला जोडून लिहायचे ठरले. तुम्ही पाय सुटा असलेला फॉन्ट घेतला असणार. उलट हा शब्द लोगोला सोयीचा आहे. त्याला वर वेलांटी नाही, मात्रा नाही, खाली उकार नाही, जोडाक्षर नाही. त्यामुळे 45 पिक्सेलची सगळी उंची अक्षरांच्या अंगाला मिळते. गेमचे नाव 'कुळागरातील मूर्ती' असते तर मी स्वतःच रोमन लिपी सुचवली असती.

तिसवाडी

वाळत घातलेल्या नक्षीबद्दलचे शब्द मी मागे घेतो. फॉन्ट बदलून पाहिला आणि 'ख' नीट दिसला, हेही सांगतो. पण पोलंडच्या माणसाचा प्रश्न तिथेच आहे.

हुरमुंजी

दोन्ही लिपी घ्याव्यात असे कोणी सुचवण्याआधीच सांगते की छोट्या चौकटीत दोन ओळी केल्या की प्रत्येक ओळीला निम्मीच उंची मिळते आणि दोन्ही वाचता येत नाहीत. बाजूला 'गोव्याच्या खाजनांतील साहस' असे लिहिण्याची सोयही नाही. 1 सप्टेंबर 2022 पासून कॅप्सूलवर गेमचे चित्र, नाव आणि अधिकृत उपनाव एवढेच चालते. पुरस्कार, परीक्षणांतले गुण, सवलतीचा मजकूर ह्यांतले काहीही मूळ कॅप्सूलवर घालता येत नाही.

रंगाविषयी मात्र माझी एक सूचना आहे. आपल्याकडच्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे आहेत. पांढऱ्या चुन्यावर हुरमुंजीचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. त्यात रंग दोनच असतात आणि बाह्यरेषा स्वच्छ असते. गडद निळ्या स्टीमवर तांबडी चौकट बुडणार नाही. तुमचा 'एकच आकृती'चा नियम त्यात आपोआप पाळला जातो, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

खाजनवाला

काल रात्री बसून तसा कच्चा आराखडा केला. तांबड्या भुईवर पांढऱ्या रेषेतला देवचार उजवीकडे ठेवला, डावीकडे 'खाजन', आणि बांध म्हणजे खालची एक जाड पांढरी पट्टी. मानशीच्या दारांसाठी छोट्या चौकटीत जागा उरली नाही, ती उभ्या कॅप्सूलमध्ये घेतली आहेत. आराखडा 120 पिक्सेल रुंद करून दहा अनोळखी गेमच्या मधोमध ठेवला आणि तो फोटो आतेभावाला पाठवला. कोणता गेम माझा हे त्याने विचारल्याविना सांगितले, पण त्याला देवनागरी वाचता येते, त्यामुळे तो पुरावा मी तिसवाडींसमोर ठेवत नाही.

हुरमुंजी बाय, पुढचे काम तुम्ही घ्यावे अशी माझी इच्छा आहे. मुदत सहा आठवड्यांची असेल, आधी गेम खेळायला मिळेल आणि अर्धी रक्कम आगाऊ देईन.

तिसवाडी

फोटो मीही पाहिला. तांबडी चौकट आधी दिसली, हे मान्य करतो. स्टीम ज्या भाषांत उघडते त्यांतल्या प्रत्येकीसाठी वेगळी कॅप्सूल देता येते, तेव्हा इंग्रजी आवृत्तीत तरी रोमन अक्षरे ठेवावीत.

चिरेबंदी

मग आपल्याकडच्या माणसाने स्टीम इंग्रजीत उघडले की त्याला पुन्हा रोमन 'खाझान'च दिसणार. इथले किती जण ते इंग्रजीतच वापरतात, हे आधी इथेच विचारून घ्या.