सेटलमेंट झाली तरी केस मागे घ्यायची घाई नको
काही जण म्हणतात की अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) कोर्टात सेटलमेंट, म्हणजे तडजोड, झाली की दावा लावणाऱ्याने केस मागे घेतल्याची एक नोटीस टाकायची आणि केस संपली, पण ते अर्धंच खरं आहे. समोरच्याने लेखी उत्तर किंवा समरी जजमेंटचा (पूर्ण सुनावणीशिवाय निकाल मागणारा) अर्ज दिलेला नसेल तरच फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या रूल ४१ खाली एकट्याची नोटीस चालते, नंतर हजर झालेल्या सगळ्या पार्ट्यांच्या सह्यांचं स्टिप्युलेशन (लेखी संमतीपत्र) किंवा कोर्टाचा आदेश लागतो. आणि अगदी कळकळीने सांगतो, पैसे हातात पडेपर्यंत केस मागे घ्यायच्या कागदावर सही करू नका, कारण अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या कोकोनेन निकालाप्रमाणे सेटलमेंट अंमलात आणायचा अधिकार कोर्टाने डिसमिसलच्या (केस काढून टाकण्याच्या) ऑर्डरमध्ये स्वतःकडे ठेवला नसेल तर पुढे पैसे बुडवले तरी बहुतेक वेळा स्टेट कोर्टात कराराचा नवा दावा लावत बसावं लागतं. डिसमिसल "विथ प्रेज्युडिस" असं लिहिलंय का तेही बघा, ते असलं की तोच दावा परत लावता येत नाही.