मीटरभर तारेसाठी एक्सएलआर कशाला?

मंद्रसप्तक:
काल एकाने ठासून लिहिलं, "घरात ऐकायचं तर बॅलन्स्डच घ्या, आरसीए म्हणजे पैसे पाण्यात. आवाज लगेच मोकळा होतो." असलं वाचून नवखी माणसं चांगले चालणारे ॲम्प विकायला काढतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

बॅलन्स्ड जोडणीत (घरी बहुधा एक्सएलआर प्लगची) सिग्नलसाठी दोन वाहक आणि वर वेगळी धातूची जाळी, म्हणजे शील्ड. आरसीए ही नेहमीची साधी जोडणी, आत एकच वाहक आणि भोवती शील्ड. बॅलन्स्डचं काम एकच, वाटेत तारेत शिरलेला गोंगाट काढणं. दोन्ही वाहकांवर तो सारखाच बसतो, पुढचं उपकरण दोघांतला फरक तेवढा घेतं, गोंगाट वजा होतो. डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं उपकरण) आणि ॲम्प एका फळीवर, मधे मीटरभर तार, गाणं थांबवून वॉल्यूम चढवला तरी स्पीकर गप्प. मग वजा काय करणार?

आता 'मोकळा आवाज'. बऱ्याच डॅकमधून आरसीएवर 2 व्होल्ट येतात, एक्सएलआरवर 4. म्हणजे सरळ 6 डेसिबल जास्त. मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. मल्टिमीटर लावून दोन्हीची पातळी सारखी करा, मग ऐका.

काळी_पाच:
ते लिहिणारा मीच. माझं अर्धं वाक्य उचललंस. खाली संगणकाला जोडलेल्या ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेल्या) स्पीकरबद्दल लिहिलं होतं, ते वाचलंस का?

माझ्याकडे माउस हलवला की स्पीकरमधून किरकिर यायची, ग्राफिक्स कार्डवर भार आला की शिट्टी. जाड, महाग आरसीए तारा आणल्या, ढिम्म फरक नाही. बॅलन्स्ड आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साउंड कार्ड) घेतला, टीआरएस (तीन संपर्कांच्या बॅलन्स्ड प्लगच्या) तारा लावल्या, त्या दिवसापासून शांतता. आरसीएत शील्ड हाच सिग्नलचा परतीचा रस्ता. दोन उपकरणांच्या ग्राउंडमध्ये फरक असला की तो करंटही त्याच रस्त्याने जातो आणि गोंगाट थेट गाण्यात मिसळतो. फळी एक असली म्हणून हे टळत नाही.

सुटी_वायर:
हमिंगसाठी, म्हणजे स्पीकरमधल्या घूं आवाजासाठी, एवढा खर्च? मी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली. हम गायब, खर्च शून्य.

खर्ज:
हा सल्ला आधी खोडा! आतली फेजची वायर सुटून धातूच्या डब्याला टेकली, तर अर्थिंग आहे म्हणून ब्रेकर पडतो. पिन काढलीत की अख्ख्या डब्यात करंट, आणि आरसीएच्या शील्डमधून तो जोडलेल्या प्रत्येक उपकरणात. मी जुना ॲम्प घेतला होता, हात लावला की झिणझिण्या यायच्या. उघडला तर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं, आणि आधीच्या मालकाने तुमच्यासारखीच पिन छाटलेली. घरात लहान मूल आहे. आठवलं तरी अंगावर काटा येतो.

सुटी_वायर:
उगाच घाबरवू नका. दोन पिनांची कितीतरी उपकरणं बाजारात मिळतात, ती काय माणसं मारतात?

खर्ज:
ती डबल इन्सुलेटेड असतात. मागे चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं. तुमच्या ॲम्पवर ते शोधा. नसेल तर पिन शोभेसाठी दिलेली नाही.

मंद्रसप्तक:
यात मी खर्जच्या बाजूने. अर्थिंगला हात न लावता करण्यासारखं बरंच आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. केबल टीव्हीची तार काढून पाहा, बरेचदा मूळ तिथेच असतं. तरी हम राहिला तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल पुढे नेतो, पण दोन ग्राउंड वेगळे ठेवतो) बसवा. आरसीए तशीच ठेवून काम होतं.

रात्रीचा_श्रोता:
आणि 4.4 मिमी प्लगच्या 'बॅलन्स्ड' हेडफोनचं काय? त्यावर कुणीच बोलत नाही. नावावर पैसे उकळतात, माझेही गेले.

काळी_पाच:
तिथे गोंगाट वजा करण्याचा प्रश्नच नाही. प्रत्येक कानाला दोन ॲम्प मिळतात, व्होल्टेज दुप्पट होतं. चालवायला जड हेडफोनला ताकद म्हणून उपयोग, सहज चालणाऱ्याला नाही. वेगळा धागा काढ.

खर्ज:
एक्सएलआरवाल्यांनीही हुरळू नये. मागे सॉकेट आहे म्हणून आत सगळं नीट असतंच असं नाही. एक्सएलआरची पहिली पिन शील्डची, ती थेट डब्याला जोडायची. ती आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडली की शील्डवरचा गोंगाट तिथेच घुसतो. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी 1995 मध्ये हे मांडलं, 2005 मध्ये त्यावर ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस48 मानक आलं, तरी चुका होतातच.

काळी_पाच:
6 डेसिबलचं मान्य, पातळी जुळवायला हवी होती. 'घरात ऐकायचं तर' काढून 'संगणक जोडलेला असेल तर' असं करतो. त्यापुढे एक शब्द बदलणार नाही.

मंद्रसप्तक:
चालेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सबवूफरपर्यंत तार न्यायची असेल तर मीही बॅलन्स्डच घेईन.

सुटी_वायर:
प्लग बदलला, नवा तीन पिनांचा बसवला. हम परत आला, तुम्हाला बरं वाटेल. केबल टीव्हीची तार काढली की मात्र जातो. ती तार घरच्यांना हवीच आहे. आता काय घेऊ?

खर्ज:
त्या तारेच्या वाटेत बसणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन ग्राउंडची जोडणी तोडणारा. टीव्ही आणि भिंतीतल्या केबलच्या (विजेच्या नव्हे) सॉकेटच्या मधे लावा.