मदत हवी आहे: मॅग्नेटाइटची काळी पूड वाळवल्यावर तपकिरी होते

को-प्रेसिपिटेशनने (दोन्ही लोहक्षार एकत्र साक्यात उतरवून) मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या चुंबकीय ऑक्साइडचे, नॅनोकण करतोय. फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट २ ग्रॅम, पाणी १०० मिली, तापमान ८० अंश. २५ टक्के अमोनिया २० मिली, थेंब थेंब, ४० मिनिटांत. साका काळाकुट्ट येतो, पण ओव्हनमध्ये ८० अंशांवर रात्रभर वाळवला की तपकिरी. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन, कॉपर ट्यूब) मुख्य पीक ३५.६ अंशांवर, रुंदी ०.९ अंश, शिवाय २१.२ ला बारीकसं पीक. व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजायचं यंत्र) संपृक्त चुंबकन ५२ ईएमयू प्रति ग्रॅम. पूड चुंबकाला चिकटते. चुकतंय कुठे?

काचपात्र:
फेरिक-फेरसचं मोल प्रमाण बरोबर आहे, २:१. घोळ दोन ठिकाणी आहे.

२१.२ चं पीक बहुधा गोएथाइटचं (लोहाचं ऑक्सिहायड्रॉक्साइड). थेंब थेंब अमोनियामुळे द्रावण बराच वेळ मधल्या पीएचवर रेंगाळतं. फेरिक आधीच हायड्रॉक्साइड होऊन बसतं, फेरस मागे राहतं. अमोनिया जोरात ढवळत एकदम ओता, पीएच १० च्या वर जाऊ द्या. पाण्यातून आधी अर्धा तास नायट्रोजन सोडा आणि पुढेही चालू ठेवा, नाहीतर फेरसचं ऑक्सिडेशन होऊन २:१ कागदावरच राहतं. फेरसचे स्फटिक फिकट हिरवे हवेत. पिवळट-तपकिरी असतील तर बाटली बदला.

तपकिरी रंग मॅगेमाइटचा, म्हणजे ऑक्सिडाइझ झालेल्या मॅग्नेटाइटचा. एवढे बारीक कण गरम हवेत तग धरत नाहीत. व्हॅक्यूममध्ये ४० अंशांवर वाळवा, किंवा मोजणीपुरतेच वाळवून बाकीचे ओले ठेवा.

स्पिनेल:
चुंबकाला मॅगेमाइटही चिकटतं, त्यामुळे तो पुरावा नव्हे. एक्सआरडीतही दोघांची पीकं जवळजवळ एकावर एक: लॅटिस (स्फटिकाच्या एककाची बाजू) मॅग्नेटाइटची ८.३९६ आणि मॅगेमाइटची ८.३४६ अँगस्ट्रॉम. कोन पडताळायला सिलिकॉन पावडर मिसळून ६२-६३ अंशांचा पट्टा सावकाश स्कॅन करा, फरक तिथे जास्त उघडा पडतो. कॉपर ट्यूबने लोह फ्लुरोसन्स देतं, बॅकग्राउंड चढतो. कोबाल्ट ट्यूब मिळाली तर उत्तम. रामन वर्णपटात मॅग्नेटाइटचं पीक ६७० सेमी⁻¹ च्या आसपास, पण लेसर अगदी मंद ठेवा, नाहीतर नमुना डोळ्यांदेखत हेमाटाइट (लाल लोह ऑक्साइड) होतो.

५२ ईएमयूवरून फेज (मॅग्नेटाइट की मॅगेमाइट) ठरवू नका. शेररच्या सूत्राने (पीकच्या रुंदीवरून आकार) तुमचे कण साधारण ९ नॅनोमीटरचे येतात (यंत्राची रुंदी वजा केलेली नसेल तर थोडे मोठेच). त्या आकाराला पृष्ठभागावरचे स्पिन (अणूंचे चुंबकीय कल) विस्कटलेले असतात, म्हणून चुंबकन कमी दिसतं, वर वजनात चिकटलेलं पाणीही मोजलं जातं. टीजीए (तापवताना घटणारं वजन मोजणं) करून वजन दुरुस्त करा.

मूळ प्रश्नकर्ता:
ढवळायला मॅग्नेटिक स्टररच वापरतोय, चालेल ना?

काचपात्र:
नाही! सगळा माल त्या कांडीलाच चिकटून बसेल. वरून फिरणारा मेकॅनिकल स्टरर लावा.