प्रतिसाद: देणगी पुढे देण्यावरची कायद्याची बंधने
शहरातील मोठे न्यास जमा झालेल्या देणग्या वस्तीपातळीवरच्या छोट्या संस्थांना वाटण्याऐवजी स्वतःच उपक्रम चालवतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याचा सगळा दोष विश्वस्तांच्या वृत्तीला देणे मला पटत नाही, कारण गेल्या काही वर्षांत कायद्यानेच हा मार्ग अरुंद केला आहे. विदेशी अंशदान विनियमन कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे, ती नोंदणीकृत असली तरी, वर्ग करता येत नाही, आणि त्या निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली.

देशातल्या देणग्यांचेही तसेच आहे. प्राप्तिकरातून सूट मिळण्यासाठी न्यासाला सर्वसाधारणपणे उत्पन्नाचा 85 टक्के भाग धर्मादाय कामावर खर्च करावा लागतो. परंतु 2023 च्या वित्त कायद्यापासून, दुसऱ्या न्यासाला दिलेल्या 100 रुपयांपैकी केवळ 85 रुपयेच असा खर्च म्हणून धरले जातात. एका न्यासाकडून दुसऱ्याकडे अशी साखळी करून प्रत्येक टप्प्यावर उरलेला 15 टक्के निधी साठवणाऱ्यांना आळा घालण्याचा हेतू योग्यच होता, पण त्याची झळ प्रामाणिकपणे निधी पुढे देणाऱ्यांना बसते. म्हणून आपल्या गावच्या न्यासाचा हिशेब तपासताना वाटपाच्या आकड्याबरोबरच, दिलेल्या मदतीतून कार्यकर्त्यांचे मानधन आणि जागेचे भाडे भागवण्याची मुभा छोट्या संस्थांना आहे का, हेही विश्वस्तांना आवर्जून विचारावे.